सव्वादोन एकर वरकस, कमरेला पट्टा आणि काजू : करू का नको?

डोंगरउतार (ढेबेवाडी खोरं, ता. पाटण)

नमस्कार मंडळी. वय ४१. वाशीच्या मार्केटात सतरा वर्षं माथाडीत पोती वाहिली. गेल्या दिवाळीच्या आधी कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता पाठीवर पोतं घ्यायचं नाही. महिनाभर खोलीवर पडून छताकडं बघितलं, मग सामान बांधून गावी आलो. बायको आणि धाकटा पोरगा सोबत आहेत, थोरली मुलगी कराडला शिकते.

जमीन साडेतीन एकर, तीही पाच तुकड्यांत. ओढ्याकडंचा पाऊण एकर भाताचा, त्याला हात लावणार नाही. घराजवळ अर्धा एकर, त्यात भुईमूग, सोयाबीन आणि घरची भाजी. राहिला सव्वादोन एकर, तो डोंगराच्या अंगाला. तांबडी माती, खाली मुरूम, मधून मधून जांभा वर आलेला. आजोबा तिथं नाचणी-वरी करायचे. आम्ही भाऊ मुंबईला गेल्यापासून तिथं नुसतं गवत. एक जण दरसाल तीन हजार देऊन ते कापून नेतो, तेवढंच उत्पन्न.

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक रोपवाटिकावाला जीप घेऊन आला होता. रंगीत कागद वाटत होता. ११० रुपयाला काजूचं कलम, "तिसऱ्या वर्षापासून एकरी दोन लाख, पाणी नको, खत नको, बी आम्हीच उचलणार." गावातल्या चौघांनी लगेच आगाऊ पैसे दिले. मी दिले नाहीत. मार्केटात एवढी वर्षं काढल्यावर एक कळतं, माल घ्यायच्या आधीच जो माणूस भाव सांगतो त्याच्याकडं जरा थांबून बघावं.

वडील ७२ वर्षांचे. ते म्हणतात, काजू हे कोकणातलं झाड, घाटावर त्याचं काय काम. पण आमच्या देवळामागं दोन गावठी काजू आहेत, कुणी लावले माहीत नाही. दरसाल धरतात आणि पोरं बिया भाजून खातात. म्हणजे झाड जगतं. पण दोन झाडं जगणं वेगळं आणि त्यावर घर चालणं वेगळं.

मला खरं काय ते सांगा. पहिली चार वर्षं घरात काय येतं? डोंगरावर पाणी नाही, ओढा फेब्रुवारीत आटतो, मग कलमं कशी जगवायची? बी विकायची कुठं? आणि सातबारा सामाईक आहे, माझं, दोन भावांचं आणि एका चुलत्याचं नाव, तर अनुदानाचं काय? ज्यांनी स्वतः लावलीय त्यांनीच सांगा. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून झालेत.

---

मोरणाकाठ (ता. पाटण)

दादा, मी बोलून टाइप करते, त्यामुळं चुका सांभाळून घ्या. मी बाईमाणूस, वय ५२, मालक एसटीत होते, आता घरी असतात. तुमच्याच तालुक्यातली, मोरणा खोऱ्यातली. माझ्याकडं दोन एकरात काजू आहे, २०१३ च्या जूनमध्ये लावलेला. वहीत सगळं लिहून ठेवते, म्हणून आकडे देते.

आधी त्या जीपवाल्याचं. तिसऱ्या वर्षी झाडाला बोटावर मोजण्याएवढ्या बिया लागतात. खरं तर पहिली दोन वर्षं जो मोहोर येतो तो खुडून टाकायचा असतो, झाड वाढू द्यायचं असतं. मी १५० कलमं लावली, सात बाय सात मीटरवर. एकरात अशी ऐंशीच्या आसपास बसतात. २०१७ ला पहिल्यांदा विकण्याजोगी बी निघाली, ३८ किलो. दोन एकरात ३८ किलो! मालक हसले होते. २०१८ ला १४० किलो, भाव १५० मिळाला, तेव्हा नाही हसले.

आता गेल्या साली काय झालं ते सांगते, कारण लोक भाव सांगतात आणि खर्च गिळतात. बी ५१० किलो. भाव ११२. म्हणजे ५७,१२० रुपये. दोन वेळा गवत काढायचे ९,००० गेले. खताचे ६,५००. तीन फवारण्या, औषध आणि दोन गड्यांची हजेरी धरून ७,८००. बी वेचायला एक बाई चाळीस दिवस, २५० प्रमाणे १०,०००, बाकीचं मी आणि सासूबाईंनी वेचलं. माल चिपळूणला नेला, टेम्पोचे अडीच हजार. खर्च ३५,८००. हातात २१,३२०. दोन एकराचे. महिन्याला पावणेदोन हजार म्हणा. आमच्या दोघींची मजुरी त्यात धरलेली नाही, ती धरली तर उरतं काय ते तुम्हीच बघा.

तरीपण मी ती बाग काढून टाकणार नाही. त्या जमिनीतून मला आधी काय येत होतं? तुमच्यासारखंच, गवताचे चार पैसे. आणि हे पैसे मार्च ते मे येतात, शाळेच्या फीच्या, बियाण्याच्या, लग्नाच्या आहेराच्या तोंडावर. त्या टायमाला आमच्या खोऱ्यात कुणाच्याच हातात रोकड नसते.

आता पाण्याचं. "पाणी नको" हे मोठ्या झाडाला खरं, लहान कलमाला साफ खोटं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. माझ्याकडं पण डोंगरावर पाणी नव्हतं. पहिल्या वर्षी जानेवारीपासून आठवड्याला एका कलमाला एक कळशी, डोक्यावरनं. १५० कळश्या. मी, सासूबाई आणि थोरला मुलगा. फेब्रुवारीत सासूबाई म्हणाल्या, "ही झाडं तुझी पोरं झाली, आता त्यांना दूध पण पाज." मग दुसऱ्या वर्षी कुंभाराकडनं मडकी आणली, बुडाला भोक पाडून वात घातली आणि प्रत्येक कलमाशेजारी पुरली. एकदा भरलं की चार-पाच दिवस ओल टिकायची. बुडाशी वाळलेल्या गवताचं आच्छादन केलं, तर त्यात वाळवी लागली, तेव्हा आच्छादन खोडापासनं वीतभर लांब ठेवा. उतारावर प्रत्येक खड्ड्याच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांध घाला म्हणजे पावसाचं पाणी आणि माती तिथंच थांबते. तुमच्या कमरेला कळशी जमणार नाही, म्हणून सांगते, जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढीच लावा. सव्वादोन एकर एका दमात लावू नका.

आणि आता जे कागदावर कुणी छापत नाही ते. वणवा.

२०१६ चा मार्च. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, कुणीतरी गवत पेटवलं, दरसाल पेटवतात, "पुढच्या साली चांगलं येतं" म्हणून. दुपारी वारा फिरला. आम्ही गावात एका बारशाला होतो. धूर दिसला तोवर आग बागेत उतरली होती. ओल्या डहाळ्या मारून विझवायला बघितलं, मालकांचे हात भाजले. १५० मधली ६१ कलमं गेली. तीन वर्षं पाणी घातलेली. रात्री चुलीपाशी बसून मी मोजत होते, ६१ गुणिले कळश्या.

पावसाळ्यात त्यातली २३ बुडातून फुटली. मला वाटलं देव पावला. पण त्यातली १४ फूट कलमाच्या जोडाच्या खालनं होती, म्हणजे खालचं गावठी झाड. वेंगुर्ला जातीचं कलम गेलं आणि गावठी उगवली. ती अजून उभी आहेत, बी बारीक येते. त्यामुळं दादा, लक्षात ठेवा, आग नसली तरी पहिल्या दोन वर्षांत जोडाच्या खालचा फुटवा दिसला की लगेच काढायचा, नाहीतर तो वरच्याला खातो. आणि जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी वेळेत सोडा, माझ्या चार-पाच कलमांना ती गळ्यात रुतली होती.

तेव्हापासून दिवाळी झाली की मी बागेच्या चारी बाजूनं पंधरा फुटांचा पट्टा साफ करते, अगदी माती दिसेपर्यंत. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, वेडी झाली. आता शेजारचे दोघं पण करतात. तो खर्च गवताच्या ९,००० मध्येच आहे.

रोगाचं थोडं. दोन शत्रू लक्षात ठेवा. एक ढेकण्या. नवी पालवी आणि मोहोर यातला रस शोषतो, काळे चट्टे पडतात आणि मोहोर करपल्यागत दिसतो. डिसेंबर-जानेवारीत आभाळ आलं की समजायचं, आला. फवारणी पालवीला एक, मोहोराला एक आणि फळ धरल्यावर एक. औषध कोणतं ते दुकानदाराला विचारू नका, तो जे खपायचं असेल ते देतो. कृषी सहायकाला नाहीतर बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि फवारणी संध्याकाळी, मोहोरावर मधमाश्या असताना नाही. एका साली मालकांनी भर सकाळी मारली, त्या साली झाडाखाली माश्यांचा सडा आणि वर बी कमी.

दुसरा खोडकिडा, आम्ही रोठा म्हणतो. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला, पानं पिवळी पडली की तो आत आहे. मी सायकलच्या स्पोकची आकडी केलीय, भोकात घालून अळी ओढून काढते. अंगठ्याएवढी जाडजूड, पांढरी. वेळेत सापडली तर झाड वाचतं. माझी नऊ झाडं गेली. मेलेलं झाड तिथंच ठेवू नका, मुळासकट काढून जाळा, नाहीतर तिथनं शेजारी जातो.

खत विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणं मोठ्या झाडाला चार घमेली शेणखत आणि दोन किलोच्या आसपास युरिया, वर सुपर फॉस्फेट आणि पोटॅश. मला परवडत नाही, मी निम्मं देते, ऑगस्टमध्ये पावसाचा जोर ओसरल्यावर. निम्म्या खतात निम्मी बी. खोटं कशाला सांगू.

वेचणी हे खरं काम. बोंड, म्हणजे बी ज्याला लागते ते फळ, आपोआप गळून पडलं पाहिजे, झाडावरनं ओढलेली बी भरत नाही. दिवसाआड झाडाखाली जायचं, बोंडाला पीळ देऊन बी सोडवायची, तीन-चार दिवस उन्हात वाळवायची. वाळली की हातात खुळखुळ वाजते. कोकणापेक्षा आमच्याकडं हंगाम उशिरा, त्यामुळं शेवटच्या मालाला वळवाचा पाऊस गाठतो आणि भिजलेली बी काळी पडली की व्यापारी तोंड वाकडं करतो. बोंडं म्हशींना घालतो. एकदा टोपलीभर आंबलेली बोंडं म्हशीनं खाल्ली आणि संध्याकाळी धार काढू देईना, डोळे लाल करून उभी.

अजून लिहायचंय पण दूध घालायची वेळ झाली.

---

उसाचा फड (ता. वाळवा)

ताईंनी सगळं खरं लिहिलंय आणि त्यातूनच उत्तर मिळतंय की राव. दोन एकरात २१ हजार? आमच्याकडं एवढे पैसे नुसत्या उसाच्या वाड्याचे, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या चाऱ्याचे होतात (थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही). चार वर्षं थांबायचं, कळश्या वाहायच्या, वर वणवा. त्यापेक्षा खालच्या अर्ध्या एकरात बोअर मारा, ठिबक करा, भाजी करा. कराड जवळ आहे. डोंगर गवताला राहू दे.

---

मोरणाकाठ

वाळव्याचे भाऊ, कृष्णेचं पाणी तुमच्या बांधावर आहे. आमच्या डोंगरावर बोअर मारली तर धूळ निघते. आमच्या पुढच्या आळीत दोघांनी मारली, तीनशे फूट, दोन्ही कोरड्या, एकाचं कर्ज अजून फिटतंय. दादांनी भाताचा आणि घराजवळचा तुकडा तसाच ठेवलाय, तो त्यांनी बरोबर केलंय. त्यांचा प्रश्न त्या जमिनीचा आहे जिथं ऊस येतच नाही.

---

बीवाला (आजरा)

आम्ही आजऱ्याचे, आमच्याकडं आणि चंदगडला घराघरात काजू. माझं लहान युनिट आहे, बॉयलर, चार कटिंग मशीन, सात बायका. म्हणून विक्रीचं मी सांगतो.

ताई, तुम्ही ५१० किलोसाठी एकटीनं टेम्पो केला, तिथं किलोमागं पाच रुपये गेले. डोंगरउतार दादा, तुमच्या गावातल्या ज्या चौघांनी आगाऊ पैसे दिलेत ना, त्यांच्याशी भांडू नका, त्यांनाच सोबत घ्या. पाच-सहा जणांचा मिळून दोन टन माल झाला की व्यापारी स्वतः गाडी पाठवतो. एकट्याच्या पाच पोत्यांना कुणी विचारत नाही.

व्यापारी काय बघतो ते पण सांगतो. मूठभर बिया उचलतो, वजन करतो, कापून आत बघतो. गर भरलेला आहे का, डागी किती, ओल किती. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी पावणेआठ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची, गावठीची बहुतेक त्याहून कितीतरी बारीक. गावठी आणि कलमी एकत्र भरली की सगळ्याच पोत्याला गावठीचा भाव लागतो. ताईंची ती चौदा गावठी झाडं आहेत ना, त्यांची बी वेगळी ठेवायची. ओली बी आणली तर आम्ही घट धरतो, म्हणजे वजन कापतो, आणि खरं सांगू, जरा जास्तच धरतो.

भावाचा विचार करताना एक ध्यानात घ्या. आपल्या देशातल्या कारखान्यांना लागणारी बी इथं पुरत नाही, आफ्रिकेतून जहाजानं येते, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाकडून. तिकडं पीक जोरात आलं की इकडं आमच्या पोत्याचा भाव पडतो. २०२० ला लॉकडाऊनमध्ये सत्तर-ऐंशीला बी विकली गेली हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. जीपवाल्यानं "आम्हीच उचलणार" सांगितलंय, त्याला म्हणावं भाव आणि वर्ष घालून लिहून दे. देणार नाही.

आणि एक. दोन-पाच वर्षांनी कुणीतरी तुम्हाला म्हणेल की स्वतःच प्रक्रिया करा, गर विका, चौपट पैसे. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो, म्हणून ते चौपट दिसतं. त्यात वाफवणं, कापणं, सुकवणं, साल काढणं, २४०, ३२० (हे अख्ख्या गराचे नंबर), पाकळी, तुकडा अशी प्रतवारी. सगळा गर अख्खा निघत नाही, आणि तुकड्याला अख्ख्याचा भाव नाही. टरफलातलं तेल हाताची कातडी सोलतं, आमच्या बायका हाताला तेल चोपडून बसतात तरी बोटं काळी. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या योजनेतून मी ३५ टक्के अनुदान घेतलंय. पण अनुदान मशीनला आहे, मशीनला वर्षभर खायला घालायच्या बीला नाही. मार्चमध्ये आठ-नऊ महिन्यांची बी रोखीनं घेऊन ठेवावी लागते. माझी झोप तिथं उडते.

---

शिराळकर (ता. शिराळा)

निवृत्त शिक्षक. चांदोलीच्या कुशीत आमचं गाव. काजूबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण ३० पैकी माझी ११ झाडं उरली.

गवा. कलम खात नाही फारसं, पण अंग घासतो आणि मोडतो. साळिंदर नव्या कलमाचं बूड कुरतडतं. माकडं बोंडासाठी येतात, बी खाली टाकतात, त्यामुळं त्यांचा मला उपद्रव कमी आणि वेचायला मदत जास्त! नुकसानीचा पंचनामा वन विभागाकडून करून घ्या, लगेच कळवा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मी दोन दिवस थांबलो, तोवर पाऊस पडला, खुणा गेल्या आणि अर्जही गेला. तुमचं शिवार जंगलाला लागून असेल तर आधी कुंपणाचा विचार करा. काटेरी झुडपांचं चालतं, गवा सोडून.

दुसरी गोष्ट उंची. काजूला गारठा आवडत नाही. सड्यावर, पवनचक्क्यांच्या रांगेत लावू नका, तिथं वारा मोहोर झाडून टाकतो आणि थंडीनं पालवी भाजते. उताराच्या खालच्या-मधल्या टप्प्यात, पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा असेल तिथं लावा. आणि पावसाचं पाणी साठेल अशा खळग्यात अजिबात नको.

---

डोंगरउतार

सगळ्यांचे आभार. ताई, तुमची वही मला वडिलांना वाचून दाखवावी लागली. ६१ कलमांपाशी ते म्हणाले, "हिला विचार, बाई पुन्हा लावलीस का?" तर ते सांगा.

गवताचा माणूस माझ्या डोंगराला दरसाल फेब्रुवारीत काडी लावतो, हे मी लहानपणापासून बघतोय आणि कधी डोक्यात आलं नाही. त्याला आधी बंद करायला हवं. तो चुलत्याचा मेहुणा लागतो, म्हणजे भांडण होणार.

सातबाऱ्याचं कुणी बोललं नाही. त्यावर मी तालुक्याला जाऊन आलो. तिथं कळलं की मजुरीचं जॉबकार्ड असेल तर रोजगार हमीतून फळबाग होते, आणि त्यात बसत नसेल तर राज्य सरकारची फळबाग लागवडीची भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. तिच्यात किमान वीस गुंठे लागतात आणि अनुदान तीन वर्षांत ५०-३०-२० टक्के असं मिळतं, पण कलमं जगली पाहिजेत. सामाईक जमिनीला सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र. भावांची सही होईल. चुलते म्हणतात, "आज झाड लावशील, उद्या जमीन तुझी म्हणशील." सतरा वर्षं मी मुंबईत, आणि गवताचे तीन हजार ते घेत होते. हे मी तोंडावर बोललो नाही. इथं लिहिलं.

म्हणून यंदा अनुदानाच्या नादाला लागत नाही. स्वतःच्या पैशानं चाळीस कलमं लावतो, खालच्या टप्प्यात, घरापासून पाईप टाकून जिथवर पाणी चढेल तिथवर. कळशी न उचलता. मधल्या पट्ट्यात पहिली तीन वर्षं हुलगा आणि नाचणी. कलमं ४ का ७?

---

मोरणाकाठ

दोन्ही लावा, निम्मी निम्मी. ७ ची बी मोठी, ४ भरवशाची. माझ्याकडं तरी तसंच आहे.

कलमं जीपवाल्याकडून घेऊ नका. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात आधी नोंदवून ठेवावी लागतात, ऐनवेळी गेलात तर संपलेली असतात. नाहीतर शासकीय परवान्याची रोपवाटिका बघा, पावती घ्या आणि पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या. कलम घेताना जोड बोटानं दाबून बघा, हलतो का. पिशवीतल्या मातीचा गोळा फुटलेला असेल तर बाजूला ठेवा. खड्डे मे महिन्यात काढा, दोन फूट बाय दोन फूट, दोन फूट खोल, आणि पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. वरची माती आणि शेणखत मिसळून भरा. कलम लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. शेजारी काठी रोवा, आमच्याकडं आषाढातला वारा कलमाला मुळापासून हलवतो.

तुमच्या वडिलांना सांगा, लावली. ३८ पुन्हा आणली २०१७ च्या जूनमध्ये. मालक म्हणाले होते नको. त्यातली २१ जगली. बाकीची का गेली ते आधी मला कळलं नाही, नंतर कळलं की जळालेल्या जागीच खड्डे काढले होते, जुनी मुळं आत तशीच आणि वाळवी त्यांच्यात बसलेली. तुम्ही तसं करू नका.

चुलत्यांचं मी काय सांगू. आमच्याकडं दिराची सही चार वर्षांनी झाली, तीही पहिली बी निघाली त्या साली त्यांच्या घरी दोन किलो भाजलेल्या बिया पाठवल्या तेव्हा. मालक म्हणतात तो योगायोग होता.

मे महिन्यात एकदा येऊन जा, वहिनींना पण आणा. वेचणीचा शेवटचा आठवडा असेल, हात लागला तर बरंच. कमरेचा पट्टा घरी विसरू नका.

---

बीवाला

ताई, त्या शेवटच्या आठवड्यात मी पण गाडी घेऊन येतो. पाऊस पडायच्या आत वाळवून ठेवा, गावठी वेगळ्या पोत्यात. घट धरणार नाही.

---

मोरणाकाठ

हे आता चौघांनी वाचलंय हां.